वाफा क्रमांक सात

ताळगावच्या पठारावर माती नाही.
कुदळ मारली की ठिणगी उडते,
जांभा आपला हात आपल्याला परत करतो.
"हांगा फातर पिकता, बाय," आगुस्तीन म्हणाला
आणि पाण्याचा पाइप खांद्यावर टाकून निघून गेला.

मग मी वर्गात सांगितलं:
शनिवारी घरी जाताय ना, येताना माती आणा.
पोषणशास्त्राच्या तासाला असा गृहपाठ! पोरं हसली.

सोमवारी आली.
जोआकीमने दिवाडीच्या खाजनाची, बादलीतून,
खारट, तिच्यात एक जिवंत कुर्ली.
उमाकांतने खोतीगावच्या कुळागरातली,
काळी, पोफळीच्या विरीत बांधून.
दर्शिका गावसने शाळेच्या जुन्या दप्तरातून
पिसुर्ल्याची. लाल.
हाताला लागली ती तीन दिवस गेली नाही.
"आमच्या शेतात हीच येते, बाई. पावसात. वरच्या ढिगाऱ्यावरून."

सगळी एकत्र कालवली,
शेणखत, बाजारातून मागून आणलेली माशांची आतडी,
आणि तांबडी भाजी पेरली.
मोरांनी दोनदा खाल्ली.
तिसऱ्यांदा कुणाची तरी जुनी साडी वरून ताणून बांधली.

त्याच महिन्यात वर्गाचं रक्त तपासलं.
बोटाला टोच, काचेवर थेंब, वहीत आकडा.
दर्शिका: आठ पूर्णांक एक.
मी तिला तक्ता दाखवला, शंभर ग्रॅम पाल्यात किती,
आणि म्हणाले, वरून लिंबू पीळ,
म्हणजे लोह अंगी लागतं.

ती तक्त्याकडे बघत राहिली.
लहान होते तेव्हा, म्हणाली,
दारावरून ट्रक जायचे, एकाच्या शेपटाला एक.
कपडे आम्ही घरात वाळत घालायचो.
बाबा म्हणायचे, बघ, लोखंड चाललंय बोटीत बसायला.
"ते कुणाच्या अंगी लागलं, बाई?"

माझ्या वहीत त्याचा रकाना नव्हता.

गुरुवारी भाजी काढली.
आगुस्तीनने खोल्याची मिरची घातली, मूठभर खोबरं,
आमच्या वजनकाट्याला न विचारता.
कुणीतरी पेज केली होती, ती गुलाबी झाली.
दर्शिकाने दोनदा वाढून घेतलं आणि लिंबू विसरली.
मीच उठून पिळलं तिच्या ताटात,
बिया बोटांत अडवत.

कुंपणावर तिचं दप्तर होतं, तिसऱ्यांदा धुतलेलं.
लालच अजून.
पण बाहेर, उन्हात.