अक्षता

कन्नमवार नगर, विक्रोळी. पालिकेची शाळा, खोली चार.
भिंतीवर माझ्याच पोरांनी रंगवलेला मोर,
पिसाऱ्यावर आज बूथचा नंबर चिकटवलाय.
चित्रकलेचा मास्तर म्हणून शाईची बाटली माझ्याकडे,
असं म्हणून केंद्राध्यक्ष स्वतःच हसले.

साडेअकराला द्रौपदाबाई खरटमल
आडोशामागे गेल्या त्या येईनात.
मग पुठ्ठ्यावरून डोकं वर:
"मास्तर, ह्यात त्यांचं नाव नाही."
कुणाचं?
"नाक्यावर येवढा मोठा फोटो लावलाय, त्यांचं."

तिन्ही एजंट खुर्चीत सरळ झाले.
"आजी, बोलायचं नाही. बटण दाबा."

मला सांगता आलं असतं
की फोटो दिल्लीचा, बटण इथलं.
आपण माणूस पाठवायचा, माणसांनी माणूस निवडायचा.
मागच्या रांगेतून फेकलेल्या अक्षता
पुढच्यांच्या टकलांवर, अंबाड्यांवर पडतात,
नवरानवरीपर्यंत किती पोचतात
गुरुजींनाही ठाऊक नसतं.
पण ड्यूटीवर असं बोलता येत नाही.

यंत्र लांबलचक वाजलं.
बाहेर येताना बोट पदराला पुसत
"चिन्ह तरी होतं," म्हणाल्या,
कुणाकडेच न बघता.

रात्री एडिसनहून हेरंबचा, मावसभावाचा फोन.
"आमच्याकडे कागदावर त्याचंच नाव. सरळ हिशेब."
मग जास्त मतं पडलेला कधीकधी हरतो, तो कसा?
तो खाकरला. "मध्ये थोडी माणसं असतात."
म्हणजे अक्षताच की रे.
"पण एकदा बसला की चार वर्षं हलत नाही बघ,"
हे कौतुक होतं की तक्रार, कळलं नाही.
आमच्याकडे एका रात्रीत हलवतात,
मी म्हणालो,
आणि आपण झोपलेलो असतो.

माझं मत तर ट्रेनिंगच्या दिवशीच लिफाफ्यात गेलेलं.
दिवसभर आठशे बोटं रंगवली,
माझ्या दहाही बोटांवर डाग,
त्यातला एकही मताचा नाही.

जूनमध्ये शाळा उघडली.
नंबर काढताना मोराची तीन पिसं सोबत निघाली होती.
फाटकाशी नातवाचा हात धरून द्रौपदाबाई.
नख पुढे केलं. शाई टोकाला सरकलेली,
काळी, चंद्रकोरीएवढी.
"मास्तर, ते बसले म्हणे तिकडं.
मग माझं पोचलं का?"

घंटा झाली.
नातू तिचं बोट सोडवून आत पळाला.
मी म्हणालो, नख एवढ्यात कापू नका.