पियानोतला बल्ब

दोन जीबीचा पियानो रात्रभर उतरत होता.
सकाळी उघडला तेव्हा ढवळीची वीज गेलेली,
बॅटरी अकरा टक्के.
मी एकच स्वर वाजवला, मधला सा,
लॅपटॉपच्या ए अक्षरावर बोट ठेवून,

आणि सा यायच्या आधी ऐकू आली
एक खुर्ची.
कुणीतरी बसल्या जागी जरासं हललं होतं
कुठल्याशा थंड देशातल्या खोलीत.
मग नमद्याचा हातोडा तारेला टेकला,
मग सा,
उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा.

खाली चार चकत्या होत्या. त्यांना मी माझी नावं दिली:
खरखर, डुगडुग, धूळ, वय.
वय शून्यापासून शंभरापर्यंत.
मी चाळीसवर ठेवलं.

बाबा पेटीच्या पितळी सुरावर कानस चालवत होते.
टोकाशी खरवडला की सूर चढतो,
बुडाशी खरवडला की उतरतो,
हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक.
मान वर न करता म्हणाले,
"हा उतरलाय गो तुझा."
"मुद्दाम उतरवलाय."
कानस थांबली.
देवळांतल्या, भजनी मंडळांतल्या, नाटकवाल्यांच्या पेट्या
तीस वर्षं त्यांनी वर आणल्या होत्या
एकेका केसाने,
आणि पोरीने उतरलेपण
पैसे मोजून आणलं होतं.
"कितीला?" एवढंच विचारलं.
मी निम्मी किंमत सांगितली.

बुधवारी कुडतरीला गेलो. आवेलिनो मेस्तांच्या
शाळेतल्या पेटीचा भाता फाटला होता.
बसमध्ये सरसाची बाटली माझ्या मांडीवर,
बोरीच्या पुलावर ती कलंडली, ओढणीला चिकटली.

मेस्तांनी स्वतःच्या पियानोचं झाकण उचललं
आणि आतून पिवळा उजेड बाहेर आला,
जसं कुणी आत अभ्यासाला बसलंय.
"चाळीसचा बल्ब," ते म्हणाले. "हवा ओली, लाकूड फुगतं.
नवे बल्ब चालत नाहीत.
ते उजेड देतात, ऊब देत नाहीत."
जुने सात उरलेत त्यांच्याकडे,
कपाटात, शर्टांच्या घडीत.

"वाजव बाय."
मला येतं, मी म्हटलं,
आणि पट्टी दाबली इतक्या हलक्या हाताने
की ती खालपर्यंत गेली
आणि काहीच झालं नाही.
मेस्त हसले. "तिका सांगूंक जाय."
तिला सांगावं लागतं.

दुसऱ्यांदा सांगितलं.
मनगटापर्यंत उत्तर आलं.
माझ्या पियानोला एवढे दिवस कळलंच नव्हतं
मी रागावलेय की पेंगतेय,
ए म्हणजे ए.

बाबांनी मध्येच हात वर केला.
लाकडाला कान लावून उभे राहिले,
पेटीवाल्याचा कान, दुसऱ्याच्या वाद्याला लाजत.
"तुमची पांढरी चार उतरलीय."
"जाणा हांव," मेस्त म्हणाले. "कितली?"
बाबांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं,
मग माझ्याकडे पाहिलं,
मग म्हणाले,
"हिच्या मापाने चाळीस."

म्हणजे त्यांनी ती चकती पाहिली होती.

निघताना मी मोबाईलवर एवढंच टिपून घेतलं:
मेस्त झाकण लावतात,
पियानोमागे हात घालून
बल्ब विझला असेल तर पुन्हा लावतात.
चटक्.

आता रात्रीचे दोन. ठेका सत्तरचा, सुस्त.
त्या परक्या माणसाची खुर्ची पुसता येत नाही,
ती प्रत्येक स्वराच्या पोटात आहे.
बसू दे त्याला.
फक्त त्याच्या आधी, अगदी सुरुवातीला,
कुणीतरी बल्ब लावतं.

वय मी बारावर आणलं. मग पुन्हा चाळीसवर.
दारात बाबा, लुंगी सावरत.
"सूर कुठला धरलाय?"
"पांढरी चार."
"हं," म्हणाले,
आणि बराच वेळ
पाणी प्यायला गेले नाहीत.