उणे त्रेचाळीस

शुक्रवारी सकाळी फोनवर हिशेब येतो.
रॉलिन्सच्या ट्रकतळावर, वायोमिंगच्या वाऱ्यात
ट्रक उभ्याउभ्या हलतोय
आणि मी, मार्लिस ओडगार्ड, वय एक्कावन्न,
चष्मा चाचपडतेय. आकडे बारीक छापतात ते.

आठवड्याची कमाई: दोन हजार सातशे साठ.
क्षणभर बरं वाटतं.
मग खाली उतरायचं, तळघरात उतरावं तसं, कठडा धरून.
ट्रकचं भाडं नऊशे पंच्याऐंशी.
विमा दोनशे चौदा.
डिझेल एक हजार सदुसष्ट.
दुरुस्तीखात्यात मैलामागे दहा सेंट, झाले एकशे नव्व्याण्णव;
ते खातं माझ्याच नावावर आहे म्हणे,
हात मात्र लावायचा नाही.
मागची उचल दोनशे.
लॅरमीला फुटलेला टायर, एकशे अडतीस.
शेवटच्या ओळीत आकड्याआधी एक आडवी रेघ.
मला वाटलं, काचेवर ओरखडा पडलाय.
बोटानं पुसली.
गेली नाही.

मायनॉटला शाळेची बस चालवायचे
तेव्हा पगार बेताचाच होता,
पण शून्याखाली कधी गेला नाही.
आता मला मालकीण म्हणतात.
करारात लिहिलंय तसं, पान तीनवर.
पान अकरावर लिहिलंय: हप्ते दोनशे आठ,
एक जरी बुडाला तरी ट्रक परत.
हा एकसष्टावा.

काल वाऱ्यानं दोन ट्रक आडवे पाडले, हायवे बंद आहे.
हप्त्याला वारा लागत नाही.
मी जेवणाच्या बिलामागे मांडून पाहिलं:
भाडं आणि विमा मिळून, चाक फिरो न फिरो,
दिवसाला एकशे एकाहत्तर, तासाला सात.
रात्री आठ तास झोपले.
सत्तावन्न डॉलरची झोप!
ओडगार्डांच्या घराण्यात एवढी महाग झोप
कुणाला लागली नसेल.

शेजारच्या ट्रकमधला अब्दिरिझाक चहा घेऊन येतो,
वेलची, दालचिनी, आणि साखर इतकी की दात शिवशिवतात.
त्याच्या वहीत मैल नाहीतच, नुसते सेंट.
रिकामे मैल लाल शाईत.
"एकसष्टच्या वर काटा नेऊ नकोस," तो म्हणतो,
"त्यापुढचा वेग तुझ्या खिशातून जातो.
तुझी वही कुठाय?"
"डोक्यात."
तो हसत नाही.
"डोक्यात मुलगी असते, गुडघा असतो.
हिशेबाला तिथं जागा कुठून?"
आणि कपाटातली एक कोरी वही काढून देतो,
पोराच्या शाळेसाठी घेतलेली, मुखपृष्ठावर डायनासोर.

दुपारी रस्टीचा निरोप.
रस्टी ऑफिसात बसून माझे दिवस वाटतो.
रस्ता उघडला की एकशे नव्वद मैल रिकामं जा,
मग सहाशे चाळीस मैलांचा माल, नऊशे साठ डॉलर.
जिथं उतरवायचा तिथून परतीला
कांद्याचं पोतंही मिळत नाही, हे त्यानं लिहिलेलं नाही.
एरवी मी 'हो' लिहून मोकळी होते.
आज डायनासोर उघडला.
डिझेल मांडलं, दिवस मांडले, परतीची ओसाडी मांडली.
लिहिलं: रिकाम्या मैलांचे दोनशे वेगळे.

मग वाट पाहिली.
पाच मिनिटं. नऊ.
पोटात गोळा, हात मांडीखाली दाबून धरलेले,
पहिल्यांदा मोठी बस वळवताना धरले असते
तर बरं झालं असतं, कुंपण वाचलं असतं.
सतरा मिनिटं. दोन डॉलर.

"शंभर."

ऊन कलतं तेव्हा माझ्या दारावर
खरवडलेलं एक नाव दिसू लागतं: ऑर्विल.
त्याच्याखाली अजून एक, तेही खरवडलेलं,
फक्त शेवटचं अक्षर उरलेलं.
त्यांच्याकडे वही होती का, कोण सांगणार.
मी लिहिलं, "दीडशे,"
आणि फोन पालथा ठेवला.

वारा तसाच आहे.
रस्ता अजून बंद.
लाल पेन मागायला मी शेजारी जाते.