दुकान नंबर एकसष्ट

'कनेक्शन होत नाही', एवढंच म्हणतो पडदा.
बाहेर हळदीचा सौदा अडलाय,
रुमालाखाली बोटं तशीच.

भरतेशनं केबल उपसली, फुंकली, लावली.
सर्व्हिस बंद करून चालू केली.
पंख्यातून पिवळी धूळ निघाली,
कपाळाला लावण्यापुरती.

नाव बरोबर. पासवर्ड बरोबर.
मग फाइलीत सापडला पत्ता, शेवटी सतरा:
मागच्या खोलीतलं ते मशीन,
पुराच्या वर्षी उपाध्येअण्णांनी
डोक्यावर घेऊन जिना चढवलेलं.

अण्णा चैतात गेले.
मशीन कालच बदललं, आता एकवीस.
हा डेस्कटॉप मात्र सकाळपासून
सतराचंच दार वाजवतोय.

भरतेशनं एकवीस लिहिलं.
सतरा पुसलं नाही,
पुढं दोन तिरक्या रेघा मारून
राहू दिलं.

"लागलं का रं?"
"लागलं, मालक."