पयले पिन काढा

कूलर दुरुस्तीचा व्हिडिओ काढायचा
म्हणजे आधी कूलर बंद करावा लागतो.
आवाज येतो ना.
दर्यापूरकडचा मे महिना, शटर अर्धं खाली,
टिनाखाली मी, पक्कड, टेस्टर,
आणि बिस्किटाच्या डब्याला रबरानं बांधलेला मोबाइल
माझ्या हातांकडे बघत बसलेला.

तोंड दाखवायचं नाही असं भावानं ठरवलं,
मग वहिनीनं ठरवलं,
मग नागपूरच्या आत्यानं फोनवरून.
बरंच झालं. घाम हनुवटीवरून
थेट पंपावर टपकत होता.
बांगड्या काढून खिळ्याला अडकवल्या, रोजच्यासारख्या.
करंटचं काम आहे.

पहिल्या खेपेला जे बोलले ते कुणाचं होतं कोण जाणे.
"नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत..."
बातम्यांतल्या बाईसारखी,
प्रत्येक ण ला जिभेचा पीळ घालून.
दारातल्या खाटेवर माझा बाप,
ज्यानं मला वायंडिंग शिकवलं,
ज्याच्या बोटांना आता तार धरवत नाही,
त्यानं खोकत विचारलं,
"कोन आलं वं दुकानात?"

नवव्या खेपेला पाण्याचा टँकर आला, हॉर्न देत.
दहाव्या खेपेला मोबाइल भरला.
मावसबहिणीचं लग्न पुसावं लागलं,
हळद, मंडप, जेवणाच्या पंगती, सगळं.
नाचणारी आई तेवढी ठेवली,
सतरा सेकंद.

मग कंटाळून, कुणाला सांगतेय हे विसरून:

"हे पाहा, आपलं पानी खारं.
पंप नवा आना का जुना, मीठ त्याले खातेच.
दुकानदार म्हनन फेकून द्या.
फेकू नोका.
पयले पिन काढा.
बटन बंद केलं म्हून भागत नाही, पिन काढा.
मंग एक लिंबू आना."

लिंबाच्या पाण्यात जाळी बुडवली.
मिठाचा थर फसफसला,
पापुद्र्यापापुद्र्यानं सुटला,
आणि खाली निघाली ती जाळी निळी होती,
हे मलाही आठवत नव्हतं.

व्हिडिओ चढवायला पाण्याच्या टाकीवर.
तिसऱ्या वळणाला दोन दांड्या मिळतात.
चॅनेलचं नाव विचारलं.
दुकानाच्या पाटीवर बापाचं आहे.
इथं मी लिहिलं, सुकेशिनी,
आणि खाली कुणी बघत तर नाही ना
ते वाकून पाहिलं.

चार दिवसांत एकवीस जणांनी बघितलं.
त्यातली नऊ मीच.
मिळकत काही नाही.
खर्च: एक रिचार्ज, तीन लिंबं,
आणि उन्हाळ्यात लिंबू दहाला एक.

पाचव्या रात्री अंगणात निजलो होतो.
इंगोल्यांच्या भिंतीपलीकडून
माझाच आवाज आला.
"पयले पिन काढा."
थांबला. मागे गेला.
"पयले पिन काढा."
आणि शेवंताबाई इंगोले, मोबाइलवर खेकसत,
"काढली ना वं माय, किती डाव सांगतं!"

उद्या त्यांचा कूलर माझ्याकडे यायचा होता.
दीडशे रुपयांचं काम.
मी उठून बसले.
पलीकडे डबे वाजले. लिंबू कुठीसा हाय, कोणीतरी म्हणालं.
मग बराच वेळ नुसते रातकिडे.
मग पंपाला उचकी लागली,
आणि वाळ्यावर पाणी पडायला लागलं.

बाप जागाच होता.
"गेले दीडशे," म्हणाला.
मी काही बोलले नाही.
थोड्या वेळानं कुशीवर वळून,
"पंप आडवा पडला तिचा. हवा ओढून राह्यला. आयक."
मी ऐकलं.
खरंच ओढत होता.
"हे सांगाचं राह्यलं तुह्यं," तो म्हणाला.
"उद्या सांगजो."