चर क्रमांक चार

मढच्या टेकडीवर, तटाच्या आतल्या अंगाला
एक मीटर वीसवर माती काळी झाली.
ओळंबा सोडून मी वहीत लिहिलं:
राख, शिंपले, गारेची पाती,
नखाएवढी, अजून बोट कापतील अशी.

तट म्हणजे गुडघाभर दगडांची ओळ.
कुणाच्या भीतीनं रचली,
याला वहीत रकाना नाही.

चाळणीवर चांगुणा, भाटीची,
रोजंदारीवर.
तिनं कालवांची शिंपलं ओंजळीत घेतली,
उलटली, पालटली, म्हणाली,
"बाय डावरी व्हती."

मी हसलो.
तिनं बोट ठेवून दाखवलं
कोयता कुठे टेकला, ओठ कुठून तुटला.
कोयता नसणार, दगड असेल, मी म्हणालो.
"असंल. हात तोच."

मग मोजली.
चौसष्टांपैकी सत्तावन्न
एकाच बाजूनं फुटलेली.

"पण बाईच कशावरून?"
चांगुणानं चाळणी आपटली, धूळ माझ्या अंगावर.
"बाप्या कवा बसलाय कालवं फोरीत?"

खाली वर्सोव्याची बोट धक्क्याला लागत होती.
ताडपत्री ओढण्याआधी
खांबाच्या खळग्यात मी हात घातला,
कोपरापर्यंत, गार.
उजवा. मग काढून
डावा.

अहवालात हे चालणार नाही, ठाऊक आहे.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: डावरी.
पुढे प्रश्नचिन्ह.

हजेरीवर अंगठा देताना चांगुणा म्हणाली,
"उद्या मी येत नाय.
मोठी ओहटी हाय,
खडपावर जायाचं."