कलबूत

निझवाच्या बाजारात, खंजीरवाल्यांच्या आळीच्या शेवटी,
एसीचं पाणी ठिबकून जिथं फरशीला शेवाळ धरलंय,
तिथं मी बसतो. अकरा वर्षं झाली.
पाटी खल्फानची. हात माझे, कापशीचे.

गावी पायाची मापं घ्यायचो,
कागदावर पाय ठेवा म्हणायचो, पेन्सिल फिरवायचो.
इथं कंबरेची घेतो.
उजवा का डावा? दिशदाशावरून बांधणार, का गाडीत ठेवणार?
बसल्यावर बरगडीला टोचतंय का?
पिस्तूल निवडताना माणसं नाव बघतात, चकाकी बघतात.
वजन कळतं आठ दिवसांनी.
मग येतात, पट्टा रुंद कर म्हणतात.

खऱ्याला मी हात लावत नाही. परवाना त्यांचा.
माझ्याकडं निळ्या प्लास्टिकची नक्कल आहे,
तिचा चाप हलत नाही, नळीला भोक नाही.
तेच माझं कलबूत.
ओलं कातडं त्याच्यावर ओढायचं,
हाडानं घासत घासत घोड्याचा उंचवटा उठवायचा,
रात्रभर वाळवायचं, सकाळी कलबूत काढून घ्यायचं.
मागं उरते ती पोकळी.
मजुरी तिची मिळते.

बहुतेकांना घाई.
हात गेला की निघालं पाहिजे.
एकजण दुपारभर आरशासमोर तेच करत होता,
बाही दर वेळी अडकायची.
मी मान खाली घालून दोऱ्याला मेण लावत राहिलो.

मुसब्बह आला शाबान महिन्यात.
फडक्यात बापाचं रिव्हॉल्व्हर,
मूठ झिजून झिजून दुसऱ्याच कुणाच्या तळव्याची झालेली.
म्हणाला, असं शिव, की लवकर निघू नये.
मला वाटलं माझी अरबी चुकली.
लवकर निघू नये, तो पुन्हा म्हणाला,
बक्कल दे, वर गाठ दे.
हे आणि बापाचा राग,
दोन्ही माझ्याच वाटणीला आलंय.

वहाणेच्या अंगठ्याला घालतात तशी वादी घातली.
मग सगळ्यांना सांगतो ते सांगितलं:
तेल दोन थेंबच, जास्त झालं की वाळू चिकटते.
मस्कतला उतरलात तर त्याच रात्री पुसा, हवा खारी आहे.
आणि झोपताना म्यानात ठेवू नका.
कातडं हिरड्यात कमावलंय, बाभळीच्या सालीत.
हिरड्याला लोखंड भेटलं, त्यात ओल शिरली,
की शाई होते.

तो हसला. म्हणजे दिवसा एकत्र, रात्री वेगळे?
होय म्हणालो,
आणि रापी तशीच हातात राहिली.
तिकडं घड्याळ दीड तास पुढं.
शालनची भांडी घासून झाली असतील.

या वर्षी त्याचा मुलगा आला.
बाबा गेले, म्हणाला. हे पोलिसांकडं जमा करायचंय,
पण गाठ सुटत नाही.
वादी वाळून लाकूड झाली होती.
आरी घालून, धागा धागा उसवत, मी ती सोडवली.
काढ तू, म्हटलं.
निघेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा निघालं,
फिरकी गंजून जाम,
आणि म्यान आतून काळंकुट्ट.

हे व्हायला किती दिवस लागतात?
दिवस नाही, म्हटलं. वर्षं.
बाबा रोज बांधून जायचे, तो म्हणाला.
बाजारात, लग्नात, काकांच्या घरी पण.
त्या काकांच्या घरी पण.

मी बोट फिरवलं आतून. बोट काळं झालं नाही.
शाई पक्की बसली होती.

थोड्या वेळानं म्हणाला,
मला माझं नवं घ्यायचंय, हलकं. त्याला शिवशील?
मी टेप काढला. उजवा का डावा, विचारलं.
तो तुटक्या वादीकडं बघत उभा राहिला.
खल्फाननं चहा मागवला.
टेप माझ्या हातात लोंबतच होता.